आत्याची पिशवी

परवा गावी गेले होते. जामखेड तालुक्यात आमचं गाव. आत्याच्या पेटीत तिची जुनी पिशवी सापडली, खाकी, खांद्याला लावायची, पट्टा तीन ठिकाणी शिवलेला. आत एक कात्री, हाताच्या दंडाला लावून पोराचं कुपोषण मोजायची पट्टी, आणि कसल्यातरी गोळ्यांची रिकामी डबी. मी ती पिशवी घेऊन बराच वेळ तिथंच बसले आणि तेव्हाच ठरवलं की हे लिहायचंच.

माझी आत्या आरोळे डॉक्टरांच्या प्रकल्पात गावची आरोग्य सेविका होती. बाहेरच्यांना माहीत नसेल म्हणून थोडक्यात सांगते. डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे, दोघं नवराबायको, वेल्लोरला शिकलेले, अमेरिकेतून परत आले आणि 1970 साली जामखेडला काम सुरू केलं. दुष्काळी भाग, रस्ते नाहीत, गावात दवाखाना नाही. आधी त्यांनी शिकलेल्या नर्स गावात ठेवून बघितल्या, पण बाहेरून आलेली पोरगी एकटी खेड्यात राहीना आणि बायका तिचं ऐकेनात. मग ठरलं की ज्या गावाचं काम त्याच गावातली बाई, गावानंच निवडलेली, शाळा शिकलेली असो नसो. 1979 ला दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. पण मला इथं त्या बायकांबद्दल लिहायचंय.

आत्याला नवऱ्यानं टाकलेलं होतं. मूल होत नाही म्हणून. माहेरी आली, शेतात राबायची, लग्नकार्यात मागं मागं राहायची, आणि तिच्या तोंडून त्या वेळचं एकच वाक्य मी शंभर वेळा ऐकलंय, "मला कुणी नावानं हाक मारत नव्हतं गं." सेविका निवडायची वेळ आली तेव्हा तिचं नाव पुढं आलं कारण दुसऱ्या घरच्या सुना सोडायला कुणी तयार नव्हतं. पगार नव्हताच. थोडंफार मानधन, बाकी सगळं आपल्या मनानं. सकाळची भाकरी थापून, जनावरांचं बघून मग घरोघरी फिरायचं.

पण जे होतं ते म्हणजे दर आठवड्याला जामखेडला जायचं ट्रेनिंग. मुक्कामी. सगळ्या गावच्या सेविका एकत्र, मराठा, महार, मांग, धनगर, मुसलमान सगळ्या. पहिल्या रात्री झोपायला सगळ्यांना मिळून एकच भलीमोठी गोधडी. आत्या मला स्वतः सांगते, अजिबात न लपवता, की त्या रात्री ती बाहेर ओसरीवर थंडीत बसून राहिली, आत गेलीच नाही. दुसऱ्या आठवड्याला थंडी जास्त होती आणि शेजारच्या गावची मांगाची बाई बाहेर येऊन म्हणाली, "ये की आत, मरशील हितं." आत्या गेली. पुढं त्याच बाईच्या लेकीच्या बाळंतपणाला आत्या आठ मैल चालत गेली, तिथं जेवली आणि घरी येऊन आजीला सांगितलं पण. आजीनं दोन दिवस अबोला धरला होता.

काय शिकवायचे तिथं? मला ते ऐकायला फार आवडायचं. एक लिटर उकळून गार केलेलं पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. चमचा म्हणजे चहाचा. आणि द्यायच्या आधी स्वतः चाखून बघायचं, डोळ्यातल्या पाण्यापेक्षा खारट लागलं तर ओतून द्यायचं आणि परत करायचं. बास. हगवणीनं सुकून गेलेल्या लेकराला हे घोट घोट पाजत राहायचं. आत्याला आकडे लिहिता येत नव्हते पण ही चव तिच्या जिभेवर पक्की होती. नाळ कापायची तर कोरं पातं आणि उकळलेला दोरा, विळा नाही की दगड नाही.

सगळ्यात अवघड काम मात्र औषधाचं नव्हतंच. पोटुशी बाईला कमी खायला द्यायचं म्हणजे पोर लहान राहील आणि सुटका सोपी होईल, बाळंतिणीचं पहिलं चिकाचं दूध पिळून टाकायचं, हे सगळं घरातल्या म्हाताऱ्याच सांगायच्या आणि त्यांच्यासमोर ही टाकलेली बाई बोलणार काय? तर आत्या एका सासूला गोठ्यात घेऊन गेली. म्हणाली, "मावशी, वासराला चीक पाजल्याबिगर ते उभं राहतं का? मग तुमच्या नातवानं काय घोडं मारलंय?" सासू गप्प. तिच्या सुनेचं बाळ पहिल्याच दिवशी अंगावर प्यायलं. डॉक्टरांनी हेच सांगितलं असतं तर सासूनं मान डोलावली असती आणि घरी जाऊन स्वतःचंच खरं केलं असतं, याची मला खात्री आहे.

प्रकल्प सुरू झाला तेव्हा या भागात हजार बाळांमागं 176 बाळं वर्षाच्या आत जायची, ही प्रकल्पाचीच नोंद आहे. वीसेक वर्षांत हा आकडा पन्नासच्या खाली आला. आत्याला हा आकडा सांगितला तर ती म्हणते, आमच्या आळीत आता पोरांना नाव ठेवायला कुणी थांबत नाही. आधी थांबायचे, जगतंय का बघून.

आता जे मला खरं बोलायचंय ते. 2005 ला सरकारनं आशा आणल्या, म्हणजे गावोगावच्या आरोग्य सेविका. गावची बाई गावासाठी, ही कल्पना देशात ज्या कामांनी आधी करून दाखवली त्यात जामखेड आहेच. महाराष्ट्रात आज सत्तर हजारांच्या आसपास आशा आहेत आणि कागदावर त्यांचं नाव 'आशा स्वयंसेविका' आहे. स्वयंसेविका म्हणजे पगार नाही, थोडं मानधन आणि कामाप्रमाणं मोबदला. कोविडात घरोघरी याच फिरल्या, आणि 2024 च्या सुरवातीला याच बायका आझाद मैदानात थंडीत बसल्या होत्या, मानधन वाढीचा जीआर काढा म्हणून. मला फार वाईट वाटलं होतं ते फोटो बघून. आणि राग पण आला. कारण आत्यालाही पैसा फार मिळाला नाही हे खरं, पण तिला दर आठवड्याचं ते ट्रेनिंग मिळालं, डॉक्टरांसोबत एका सतरंजीवर बसून प्रश्न विचारायला मिळाले, शेळ्यांसाठी कर्ज मिळालं, गोधडीतल्या मैत्रिणी मिळाल्या. योजनेनं बाई घेतली, पिशवी घेतली, रजिस्टरं तर पोतंभर दिली, पण ती गोधडी तेवढी घेतली नाही. आशाची मीटिंग म्हणजे कोणता फॉर्म राहिला आणि कोणतं टार्गेट झालं नाही याची बोलणी. स्वयंसेवा म्हणून राबवायचं असेल तर माणसाला वाढवा तरी, आणि नाही जमत तर सरळ पगार द्या. खरं तर दोन्ही द्या.

आमच्या गावची आशा तिशीतली पोरगी आहे. ती आणि शेजारच्या दोन गावच्या आशा, अशा तिघी आता महिन्यातून दोनदा तरी आत्याच्या ओसरीवर येऊन बसतात. कुणी बोलावलेलं नाही, कुठल्या योजनेत बसत नाही. मी होते तेव्हाही आल्या. एकीनं सांगितलं की एका घरात पहिलटकरणीला बीपी आहे आणि सासू दवाखान्यात नेऊ देत नाही. आत्यानं विचारलं, सासूचं माहेर कुठलं? मग तिघी अर्धा तास त्या सासूच्या माहेरची माणसं शोधत बसल्या, कुणाचं ऐकेल म्हणून. सापडली एक, सासूची थोरली बहीण, त्यातल्याच एका आशाच्या गावची. लगेच फोन लावला.

जाताना मी पिशवी परत पेटीत ठेवायला लागले तर आत्या म्हणाली, "ऱ्हाऊ दे भाईर. त्या पोरीला पट्टी लागतीया, तिची हरवलीया."