लेकीला उचलायला शिकताना

आमच्या गावात बाळ-बाळंतिणीला न्हाऊ घालायला एक मावशी यायच्या. गावातली निम्मी पोरं त्यांच्या हाताखालून गेलेली. पाटावर बसून पाय लांब करायचे, बाळाला नडग्यांवर पालथं घ्यायचं, कोमट तेल जिरवायचं आणि शेवटी उजवा हात डाव्या पायाला, डावा हात उजव्या पायाला लावून अंग मोकळं करायचं. जुलै २०१५ मध्ये माझी लेक ३८ दिवसांची होती. मावशींनी तिचा पाय वर घेतला आणि सुकी काटकी मोडावी तसा बारीक आवाज आला. मावशींचे तेलाचे हात तिथल्या तिथे थांबले. लेकीचं भुकेचं रडणं वेगळं, झोपेचं वेगळं, हे मला एव्हाना कळायला लागलं होतं. हे रडणं त्यातलं नव्हतं.

मांडीचं हाड मोडलं होतं. दवाखान्यात तीन वेगवेगळ्या माणसांनी मला एकच विचारलं, "बाळ पडलं का? खरं सांगा." घरी आल्यावर सगळ्यांनी मावशींना बोल लावला. मीही लावला. मावशी त्या दिवशी गेल्या, त्या पुन्हा आमच्या दारात आल्या नाहीत.

पाचव्या महिन्यात दंडाचं हाड मोडलं. तेव्हा मावशी नव्हत्या. झबलं मीच घालत होते, बाहीतून तिचा हात ओढला तेवढंच. मग बोल माझ्यावर आला. "सुनेचा हात जड आहे," असं नात्यातल्या एका बाई माझ्यासमोर म्हणाल्या. कुणी हाडवैद्याचं नाव सुचवलं, कुणी दृष्ट काढली. मी रात्री स्वतःचे हात बघत बसायचे.

कऱ्हाडच्या एका वयस्क हाडांच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी एक्स-रे बाजूला ठेवला आणि आधी बॅटरी घेऊन लेकीचे डोळे पाहिले. बुबुळाभोवतीचा पांढरा भाग निळसर होता. बारशाला आलेल्या बायका त्याचंच कौतुक करून गेल्या होत्या. (तान्ह्या बाळांच्या डोळ्यांत थोडी निळी झाक असू शकते, तेवढ्यावरून कुणी घाबरू नये.) मग त्यांनी एक्स-रेवर बोट ठेवून दाखवलं. दोन बरगड्या कधीतरी मोडून आपोआप जुळलेल्या होत्या. आम्हाला पत्ताच नव्हता. कवटीच्या सांध्यांमध्ये हाडाचे बारीक बारीक तुकडे होते. डॉक्टर म्हणाले, "ठिसूळ हाडांचा आजार दिसतोय. ऑस्टिओजेनेसिस इम्परफेक्टा. आणि ताई, हे तुमच्या हातून झालेलं नाही."

मी तिथेच रडले. एवढं लांबलचक नाव ऐकून बरं वाटावं, असं ते पाच महिने गेले होते.

आमचे हे सेंटरिंगची कामं घेतात. डॉक्टरांनी विचारलं, "स्लॅबमध्ये सळई कशाला घालता?" हे म्हणाले, "नुसतं सिमेंट ताण सोसत नाही, तडकतं." "हाडाचं तसंच असतं," डॉक्टर म्हणाले. "कॅल्शियम म्हणजे सिमेंट, आणि कोलॅजन नावाचं प्रथिन म्हणजे सळई. तुमच्या मुलीच्या शरीरात ती सळईच कच्ची तयार होते." यांना ते माझ्याआधी कळलं. बाहेर आल्यावर बराच वेळ बोलले नाहीत, मग म्हणाले, "म्हणजे नुसतं दूध पाजून भागणार नाही."

पुढची दहा वर्षं त्याच वाक्यातली आहेत.

आम्हाला परळच्या मोठ्या रुग्णालयात पाठवलं. रात्री कऱ्हाडला महालक्ष्मी एक्सप्रेस, सकाळी दादर, तिथून टॅक्सी. रक्त तपासून जनुकातला दोष कळला. या आजाराच्या बहुतेक रुग्णांमध्ये सीओएल१ए१ किंवा सीओएल१ए२ या दोन जनुकांपैकी एकात बदल असतो. लेकीच्यात तो नव्याने झालेला होता, आमच्या दोघांत नव्हता. दर १५ ते २० हजार जन्मांमागे साधारण एका बाळाला हा आजार असतो. डेव्हिड सायलन्स या ऑस्ट्रेलियन डॉक्टरांनी १९७९ मध्ये त्याचे चार प्रकार पाडले, तेव्हापासून यादीत बरीच भर पडली आहे. पहिला प्रकार सौम्य, दुसऱ्यात बाळ सहसा जगत नाही, तिसरा बराच गंभीर. लेकीचा चौथा, मधला. बुद्धीला या आजारात काही होत नाही, हे मी तीनदा विचारून घेतलं.

पूर्ण बरं करणारं औषध नाही. पामिड्रोनेट नावाचं औषध सलाइनमधून देतात. शरीर जुनं हाड सतत झिजवून नवं घडवत असतं, त्यातली झीज हे औषध मंदावतं. सळई कच्चीच राहते, पण सिमेंट टिकतं. मॉन्ट्रियलच्या डॉ. फ्रान्सिस ग्लोरियो यांनी १९९८ मध्ये लहान मुलांवरचे त्याचे परिणाम मांडले आणि मग ते जगभर दिलं जाऊ लागलं. आमचं वेळापत्रक असं होतं, दर दोन महिन्यांनी सलग तीन दिवस, रोज तीन-चार तास थेंब-थेंब. आधी रक्तातलं कॅल्शियम, ड जीवनसत्त्व आणि मूत्रपिंडाची तपासणी. पहिल्या डोसला संध्याकाळी ताप चढला. तसं होतं, हे आम्हाला आधी सांगून ठेवलं होतं म्हणून धीर राहिला. पुढच्या डोसांना ताप आला नाही.

एक्स-रेमध्ये या औषधाची खूण उमटते. प्रत्येक डोसाच्या वेळी वाढत्या टोकाशी एक पांढरी रेघ तयार होते आणि हाड वाढेल तशी ती मागे सरकते. डॉक्टर त्याला झेब्रा लाइन म्हणतात. लेक तीन वर्षांची झाल्यापासून खिडकीच्या उजेडात फिल्म धरून रेघा मोजते. रेघांमधलं अंतर जास्त दिसलं की म्हणते, "इथे मी भरभर वाढले."

पण मला सगळ्यात जास्त सांगायचंय ते उचलण्याबद्दल. औषध डॉक्टर देतात. उचलायचं घरच्यांनाच असतं, दिवसातून पन्नास वेळा.

तिथल्या फिजिओथेरपिस्ट ताईंनी पहिल्याच दिवशी मला विचारलं, "कशी उचलता, दाखवा." माझे हात कापायला लागले. मी तिला गादीसकट उचलत होते आणि तेही अगदीच नाइलाज झाला तर. त्यांनी माझा हात हातात घेऊन दाखवलं. एक हात बोटं पसरून ढुंगणाखाली, दुसरा मान आणि खांद्यांखाली, वजन तळव्यावर. काखेत हात घालून कधीच नाही. लंगोट बदलताना घोटे धरून पाय वर करायचे नाहीत, कमरेखाली हात सरकवायचा. कपडे पुढून बंदांचे, आणि बाहीतून आधी आपला हात घालून तिचा हात अलगद आपल्या मुठीत घ्यायचा, ओढायचा नाही. शेजारच्या खाटेवर बीडची एक आई होती. तिने पुठ्ठ्याला फोम शिवून ट्रे केला होता, लेकराला त्याच्यावर ठेवून एसटीने ये-जा करायची. आम्ही घरी येऊन तसाच प्लायवूडचा केला.

ताईंनी आणखी एक गोष्ट सांगितली. भीतीपोटी बाळ नुसतं झोपवून ठेवलं तर हाडं आणखी कमजोर होतात. हाडाला भार लागतो, हालचाल लागते. प्लास्टरसुद्धा गरजेपेक्षा एक दिवस जास्त ठेवायचं नाही. "तिला घ्या," त्या म्हणाल्या. "रोज घ्या, सगळ्यांनी घ्या."

सगळ्यांनी घ्या, हे फार अवघड गेलं. सासूबाईंना मी आत्या म्हणते. आत्यांचा जीव होता नातीवर, पण दोन वर्षं त्यांनी तिला हात लावला नाही. पाळण्यापासून हातभर अंतरावर बसून ओव्या म्हणायच्या. "माझ्या हातून काय झालं तर मला जन्मभर तोंड दाखवता यायचं नाही," एवढंच म्हणायच्या. मी आधी चिडायचे. मग एक दिवस उशीला धोतराचं फडकं गुंडाळून ती त्यांच्या हातात दिली आणि ताईंनी मला शिकवलं तसं शिकवलं. आठवडाभर आत्या उशी उचलत होत्या. आठव्या दिवशी मी चपात्या लाटत होते, मागून आवाज आला, "बघ गं, बरोबर धरलीय का?" लेक त्यांच्या हातात होती. त्या दिवशी चपाती करपली.

हाडं मोडायची थांबली नाहीत. शिंकताना एकदा बरगडी, रांगताना नडगी. पण वर्षाला पाच-सहाची दोन-एक झाली. घरात पुठ्ठ्याच्या पट्ट्या आणि क्रेप बँडेज कायम तयार असतं. आजाराचं नाव आणि काय करू नये हे लिहिलेलं डॉक्टरांचं पत्र माझ्या पर्समध्ये प्लास्टिकच्या पिशवीत असतं. रात्री-अपरात्री नव्या दवाखान्यात जायची वेळ आली की आधी तेच पत्र पुढे करते. "बाळ पडलं का" हा प्रश्न त्यामुळे येत नाही. ज्यांच्या घरी असं मूल आहे त्यांनी हे पत्र पहिल्या महिन्यातच मागून घ्यावं.

मांडीची हाडं धनुष्यासारखी वाकत चालली होती. नोव्हेंबर २०१९ मध्ये ऑपरेशन झालं. हाड दोन-तीन ठिकाणी कापून सरळ करतात आणि आतून धातूची दुर्बिणीसारखी लांबणारी सळई ओवतात. मूल वाढतं तशी ती सळईही लांबते. डॉक्टर समजावत होते आणि हे मान हलवत होते. बाहेर येऊन मला म्हणाले, "शेवटी सळई टाकतायत." त्यानंतर चारच महिन्यांनी लॉकडाऊन लागला. तोवर पामिड्रोनेटच्याच जातीच्या, पण सहा महिन्यांतून एकदाच द्यायच्या झोलेड्रोनिक अॅसिडवर आम्ही आलो होतो, तो एक डोस चुकला. व्यायाम फोनवर चालू राहिले. अंगणातल्या सिमेंटच्या टाकीत कोमट पाणी भरून हे तिला कमरेशी धरायचे आणि ती पाण्यात पाय टाकायची. पाण्यात अंगाचा भार कमी होतो. ती पहिल्यांदा उभी राहिली ती त्या टाकीत. जून २०२० होता. आत्या कठड्याला धरून उभ्या होत्या.

दिव्यांग प्रमाणपत्राचं थोडक्यात सांगते. २०१६ च्या कायद्यात २१ प्रकार आहेत, त्यात या आजाराचं नाव सापडत नाही. खिडकीवरच्या माणसाने दोनदा परत पाठवलं. अर्ज अस्थिव्यंगात, म्हणजे हालचालीच्या दिव्यांगत्वात भरायचा असतो. सगळ्या फ्रॅक्चरची तारीखवार यादी आणि एक्स-रे बोर्डापुढे ठेवले तेव्हा ४० टक्क्यांच्या वरचं मुदतीचं प्रमाणपत्र मिळालं. पुढे २०२१ मध्ये केंद्राचं दुर्मिळ आजार धोरण आलं. त्याच्या दुसऱ्या गटात हा आजार आणि ही औषधं आहेत, आणि मुंबईचं केईएम हे त्या धोरणातलं एक केंद्र आहे. नव्याने निदान झालेल्यांनी तिथे जरूर विचारावं. आम्हाला सुरुवातीला हे काहीच नव्हतं, कर्ज काढून दिवस काढले.

शाळेने जास्त थकवलं. एका शाळेने तोंडावर सांगितलं, "काही झालं तर जबाबदारी कोण घेणार?" मी कायद्याचा कागद घेऊन गेले होते, बेंचमार्क, म्हणजे ४० टक्के किंवा त्याहून जास्त, दिव्यांगत्व असलेल्या मुलाला ६ ते १८ वर्षं मोफत शिक्षणाचा हक्क आहे. तो कुणी हातात घेतला नाही. शेवटी आमच्या जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या बाई म्हणाल्या, "आणा तिला, पण पहिले आठ दिवस तुम्ही वर्गात बसा, मला शिकायचंय." बाईंनी वर्गातल्या पोरांना समोर बसवून कच्चं अंडं दाखवलं नाही की घाबरवलं नाही. सरळ सांगितलं, "हिला मागून धरायचं नाही, ओढायचं नाही. खेळायला घ्यायचं." शाळा सुटायच्या पाच मिनिटं आधी लेक बाहेर पडते. लंगडीत ती पंच असते आणि कुणाचंही ऐकत नाही.

आता ती दहा वर्षांची आहे. घरात वॉकरने चालते, लांब जायचं तर व्हीलचेअर. मागच्या दिवाळीत, नरकचतुर्दशीच्या आदल्या रात्री तिने विचारलं, "सगळ्यांना तेल लावतात, मला का नाही?" मला उत्तर देता आलं नाही. त्या ३८ व्या दिवसापासून तिच्या अंगाला कुणी तेल लावलंच नव्हतं.

मी त्याच रात्री मावशींच्या घरी गेले. दहा वर्षांत वाटेत भेटलो की दोघी मान खाली घालून पुढे जायचो. निदान कळलं तेव्हाच मी जायला हवं होतं. दारात उभं राहूनच सांगितलं, "मावशी, ते तुमच्या हातून झालं नव्हतं. हाडंच तशी होती. मला दहा वर्षांपूर्वी सांगायला पाहिजे होतं." मावशी खाली बसल्या. बराच वेळ पदर तोंडाला लावून होत्या. मग म्हणाल्या, "त्यानंतर मी एकाबी लेकराला न्हाऊ घातलं नाही."

पहाटे त्या आल्या. उटण्याची वाटी, तेलाची वाटी, पाट. लेक गादीवर उताणी झोपली होती आणि तिनेच सगळं समजावलं. ओढायचं नाही, पिळायचं नाही, बोटांनी दाबायचं नाही, तळव्याने लावायचं. मावशींचा तळवा तिच्या पोटरीवरून घोट्यापर्यंत गेला आणि थांबला. "एवढं चालंल का गं, बाळा?"

"अजून थोडं जोरात," लेक म्हणाली.