आठ दिवसांनी

सोमवार, ५

एक ते वीस पाठ झाले. उनो, दोस, त्रेस, क्वात्रो. दोन तासांत, तेही भांडी घासताघासता. स्पॅनिश आकडे अवघड वाटलेच नाहीत, कारण निम्मे आधीच ओळखीचे होते. दोस-द्वि, त्रेस-त्रि, सिएते-सप्त, दिएस-दश. सगळ्यात आवडला नुएवे. नुएवे म्हणजे नऊ आणि नुएवो म्हणजे नवा. संस्कृतातला 'नव'ही असाच दोन्ही अर्थांनी फिरतो.

एकोणीसपाशी थबकले. लॅटिनमध्ये त्याला 'उन्देविगिन्ती' म्हणत, म्हणजे विसाला एक कमी. अगदी आपला एकोणीस! स्पॅनिशने मात्र ही खोड सोडून दिली. आता सरळ 'दिएसिनुएवे', दहा आणि नऊ. तिशीनंतर तर आणखीच सोपं, 'त्रेइन्ता इ उनो', तीस आणि एक, आणि नव्व्याण्णवपर्यंत हाच साचा. मराठीत शंभरापर्यंतचा जवळपास प्रत्येक आकडा वेगळा घोकावा लागतो. एकोणसाठ म्हणजे किती, असं विचारल्यावर मोठी माणसंसुद्धा क्षणभर छताकडे बघतात. आपण हे लहानपणी कसं पचवलं, देव जाणे.

एकंदरीत आज स्वतःवर खूश आहे.

गुरुवार, ८

खुशी उतरली.

आमच्या स्पॅनिशच्या बाई कोलंबियातल्या बोगोटाच्या, तास ऑनलाइन. आज त्यांनी आकड्यांची श्रुतलेखन चाचणी घेतली. त्या बोलणार, मी लिहिणार. वीसपैकी सात बरोबर. सेसेन्ता साठ आणि सेतेन्ता सत्तर. दोघांत एका अक्षराचा फरक आणि वाक्य वेगात असलं की तोही कानातून निसटतो. दोस आणि दोसे (दोन आणि बारा), त्रेस आणि त्रेसे (तीन आणि तेरा) यांचंही तेच. स्पेनमध्ये बऱ्याच ठिकाणी बाराला 'दोथे' म्हणतात, जीभ दातांत धरून. त्यामुळे तिथे ऐकणाऱ्याला जरा आधार असतो. बोगोटात ती सोय नाही.

मग उलटी चाचणी. पडद्यावर आकडा दिसणार, मी बोलायचा. ८७ आला. डोक्यात मराठी उमटलं, 'सत्त्याऐंशी'. सुरुवातीला सात, म्हणून तोंडातून 'सेतेन्ता' गेलं, आणि ऐंशीतले आठ मागून आले, 'इ ओचो'. म्हणजे अठ्ठ्याहत्तर! बाईंना वाटलं मला आकडे वाचता येत नाहीत. आमच्याकडे एकक आधी बोलतात हे त्यांना समजावून सांगायला लागणारं स्पॅनिश माझ्याकडे नव्हतं. हसून वेळ मारून नेली.

तास संपताना म्हणाल्या, 'नोस वेमोस एन ओचो दिआस.' भेटू आठ दिवसांनी. एवढं तरी पटकन कळलं! आठ आणि आठ सोळा, म्हणजे शुक्रवार. कॅलेंडरवर सोळाला लाल खूण केली.

रात्री मावशीचा फोन. 'येते गं आठ दिवसांनी.' बरं म्हटलं. गुरुवार मोकळा ठेवायला हवा.

शनिवार, १०

कान तयार करण्यासाठी एक झकास साधन सापडलं, स्पेनची नाताळची लॉटरी. पहिली सोडत कादिथ शहरात १८१२ साली झाली. आता दरवर्षी २२ डिसेंबरला माद्रिदमध्ये होते आणि आकडे पुकारत नाहीत, गातात. सान इल्देफोन्सो शाळेची मुलं दोन-दोन करून उभी राहतात. एक मूल पाच अंकी तिकिटाचा नंबर गातं, दुसरं बक्षिसाची रक्कम. बहुतेक बक्षिसं हजार युरोची, त्यामुळे 'मिल एउरोस' हे पालुपद पुन्हा पुन्हा, त्याच चालीत. सकाळभर हेच.

जुनं रेकॉर्डिंग लावून तासभर वही घेऊन बसले. पहिल्या दहा मिनिटांत फक्त 'मिल एउरोस' लिहिता आलं. मग हळूहळू चालीमुळेच आकड्याचे सांधे कळू लागले, हजार कुठे संपले, शेकडे कुठे सुरू झाले. पाचशेला 'सिंकोसिएन्तोस' नाही, 'किनिएन्तोस' म्हणतात हे पुस्तकात तीनदा वाचलं होतं. आज त्या पोरांनी एकदा गाऊन कायमचं बसवलं.

शेकडे लिंगही पाळतात. दोनशे पुस्तकं 'दोसिएन्तोस', पण दोनशे पानं 'दोसिएन्तास', कारण पान तिथे स्त्रीलिंगी. आधी वैतागले. मग आठवलं, आपणही माणसं मोजताना 'दोघे' आणि 'दोघी' म्हणतोच. फक्त तिघी-चौघींच्या पुढे फारसे जात नाही, एवढंच.

रविवार, ११

लाख-कोटींनी डोकं उठवलं. त्यांच्याकडे लाख नाही. लाखाला 'सिएन मिल', शंभर हजार. दहा लाख झाले की 'मिल्योन'. कोटी म्हणजे दहा 'मिल्योनेस'. इथपर्यंत ठीक. पण 'बिल्योन' हा इंग्रजीतला बिलियन नव्हे. इंग्रजी बिलियन म्हणजे आपला अब्ज, त्याला स्पॅनिशमध्ये 'मिल मिल्योनेस' म्हणतात. स्पॅनिश 'बिल्योन' म्हणजे लाख कोटी, हजार पटींनी मोठा. बातम्या भाषांतर करणाऱ्यांची काय दैना होत असेल!

मंगळवार, १३

आज त्यांच्याकडे अपशकुनी दिवस. शुक्रवार नाही, मंगळवार तेरा, 'मार्तेस त्रेसे'. म्हणच आहे की मंगळवारी लग्न करू नये आणि जहाजावर चढू नये. मार्तेस हे नाव मार्सवरून, म्हणजे त्यांचाही वार मंगळाचाच. मी यातलं काहीच करणार नव्हते, म्हणून घड्याळ शिकले.

आणि घड्याळात हरवलेली वजाबाकी सापडली! पावणेतीनला माद्रिदवाले म्हणतात 'त्रेस मेनोस क्वार्तो', तीन उणे पाव. पावणे या शब्दातही पाव उणाच आहे. 'त्रेस इ क्वार्तो' म्हणजे सव्वातीन, 'त्रेस इ मेदिया' म्हणजे साडेतीन. एकोणीसमधून हाकललेलं 'उणे' घड्याळात राहिलं तर! बाईंच्या बोगोटात मात्र 'क्वार्तो पारा लास त्रेस', तीन वाजायला पाव. त्यातही गंमत आहे, पण 'मेनोस क्वार्तो' ऐकलं की मला माहेरचं कुणी भेटल्यासारखं होतं. 'दीड' आणि 'अडीच' मात्र त्यांच्याकडे नाहीत. बिचारे.

शुक्रवार, १६

काल तास होता. मी नव्हते.

काल मावशी आली, ठरल्याप्रमाणे. दुपारभर गप्पा झाल्या. तिला 'क्वारेन्ता इ सिंको' (पंचेचाळीस) म्हणून दाखवलं, तिला ते मंत्रासारखं वाटलं. संध्याकाळी ती गेल्यावर बाईंचा निरोप पाहिला, 'बरी आहेस ना? अर्धा तास वाट पाहिली.'

मला काही कळेना. लाल खूण तर सोळाला होती. मग लख्ख उजेड पडला. 'ओचो दिआस' म्हणजे आठवडा! पुढचा तोच वार. आपल्या आठवड्यातही आठच आहेत की. मावशीने 'आठ दिवसांनी' म्हटल्यावर मी बोटं मोजली नव्हती, सरळ गुरुवार मोकळा ठेवला होता. बाईंनी त्याच दिवशी तेच शब्द वापरले तर आठ अधिक आठ करत बसले.

बाईंना हे सगळं आज मोडक्यातोडक्या स्पॅनिशमध्ये लिहून पाठवलं. त्यांचं उत्तर आलं, पुढच्या आठवड्यात त्यांना वेळ नाही, बुडलेला तास भरून काढू शुक्रवारी, 'एन किन्से दिआस'. पंधरा दिवसांनी.

तीस तारखेवर खूण केली. त्रेइन्ता. त्रेइन्ता इ उनो नव्हे.