वाकळेचं पोट

रमा एकादशी

पहाटे पाणी तापवायला अंगणात आले तर कृष्णेवरचं धुकं थेट आमच्या गल्लीत शिरलेलं. समोरच्यांचा आकाशकंदील तेवढा तांबूस दिसत होता, घर दिसतच नव्हतं. वाईत थंडी अशीच येते. आधी नदीवर, मग घाटाच्या पायऱ्यांवर, मग एका पहाटे उंबऱ्यापाशी. ती आली की माझं मन हरखतं. परवापर्यंत ज्या गोधड्या मांडीवर घेतल्या की घाम फुटायचा, त्याच आता सोडवत नाहीत.

दिवाळीआधीचे हे दिवस माझ्याकडे पिशव्यांचे. लोक माळे आवरतात, ट्रंका उपसतात आणि पिशवी घेऊन दारात उभे राहतात. "काकू, बघा यातलं काही लागतंय का." आज दुपारपर्यंत तीन पिशव्या आल्या. उपास असल्यानं स्वयंपाकाची घाई नव्हती, सगळं ओसरीवर ओतून बसले. गहू निवडावेत तसं कापड निवडायला मला फार आवडतं. जुनं सुती पातळ हाताला लगेच कळतं. मुठीत धरलं की गोळा होऊन बसतं, सोडलं तरी सुरकुत्या तशाच. शंका आलीच तर काठाचा एक धागा ओढून काडीवर धरायचा. सूत कागदासारखं जळतं, चिमूटभर राख उरते. पॉलिस्टर आक्रसतं आणि त्याचा टणक मणी होतो. तीन पिशव्यांतून खरं सुती निघालं ते दोन पातळं, एक धोतर आणि एक लुगडं, बस. सिंथेटिक साड्या मी परत पाठवत नाही, वरच्या अंगाला त्या रंग छान देतात. पण आतल्या थरात घातल्या की थर एकमेकांवरून घसरतात, आणि पांघरणाऱ्याला घाम धरतो.

ते लुगडं मात्र! हिरवं, बारीक चौकडीचं, धुऊन धुऊन सायीसारखं मऊ झालेलं. नऊवारी म्हणजे साधारण आठ मीटर. त्याचे चार तुकडे करायचे आणि दोन-दोन शेजारी जोडायचे, की मोठ्या गोधडीची वरची आणि खालची अशी दोन्ही अंगं एका लुगड्यात बसतात. जणू मोजूनच विणलेलं. सहावारीत हे होत नाही, एक अंग निघतं आणि वर तुकडा उरतो.

रात्री वही काढून ऑर्डरी मोजल्या. दोन मोठ्या गोधड्या, तीन बाळंतविड्यातली दुपटी आणि एक दुरुस्ती. दुपटी तयार आहेत. मोठ्यांपैकी एक राहिलीय. ट्रंकेवर घडी घालून ठेवलेली माझी स्वतःची वाकळ, म्हणजे गोधडीच, वहीत लिहिलेली नाही. ती सहा वर्षं झाली, तिथेच आहे.

वसुबारस

समोरच्या गल्लीत अजून एका घरी गाय आहे. संध्याकाळी बाजरीची भाकरी आणि गवारीची भाजी घेऊन ओवाळून आले. वासरानं माझा पदर चघळला, सुती होता म्हणून असेल.

सकाळी मात्र मोठी गोधडी पसरली. हे काम एकटीनं करायचं म्हणजे खोली मोकळी हवी आणि फरशी ओल्या फडक्यानं पुसून कोरडी झालेली हवी. खालचं अंग, त्यावर धोतराचा थर, त्यावर पातळाचे दोन, मग वरचं अंग. चार कोपऱ्यांवर वरवंटा, खलबत्ता, इस्त्री आणि पाण्याचा तांब्या. मध्ये सुरकुती राहिली तर ती शेवटपर्यंत राहते, म्हणून गुडघ्यावर बसून तळहातानं मधून कडेकडे सारवत न्यायचं. मग मोठमोठे कच्चे टाके घालून सगळे थर धरून ठेवायचे. त्यानंतर गोधडीवरच बसायचं आणि कडेनं धावदोरा सुरू.

आमच्याकडे कडेपासून आत येतात. पहिली फेरी चारही बाजूंनी, दुसरी तिच्या आत बोटभर अंतरावर, मग तिसरी. चौकोन लहान लहान होत मध्यावर येतो. मी एकदा हिशोब केला होता. दोन मीटर बाय सव्वादोन मीटरची गोधडी, दोन ओळींत दोन सेंटिमीटरचं अंतर, म्हणजे सव्वादोनशे मीटर टाके. घरापासून ढोल्या गणपतीपर्यंत चालत जावं एवढं अंतर मी एका जागी बसून जाते. आणि जाताना काहीबाही आठवत असतं, ते सगळं त्यात शिवलं जात असणार.

सुई ओवणं मात्र आता माझ्याच्यानं होत नाही. चष्मा लावूनही नेढं दिसत नाही, त्यात जाड दोरा. माझ्या सात सुया आहेत. शाळेला सुट्टी लागल्यापासून समोरच्यांची नात सकाळी येऊन सातही ओवून जाते. बदल्यात वाटीभर चिवडा. आज तिनं मला विचारलं, "आजी, मध्यावर पोचलीस की काय होतं?" तिला वाकळेच्या पोटाची गोष्ट सांगितली. मध्ये वीतभर जागा उरते ते वाकळेचं पोट. आमच्या सासूबाई ते बंद करण्याआधी आत तांदळाचे चार दाणे सरकवायच्या. वाकळ उपाशी राहिली तर पांघरणाऱ्याला ऊब कुठून देणार, असं त्या म्हणायच्या. मुलीनं लगेच चिवड्यातला एक शेंगदाणा पुढे केला. त्याला तेल असतं म्हणून नको म्हणाले, पण तिचा हात पुढे आला ते फार बरं वाटलं.

धनत्रयोदशी

तळण आणि शिवण एका दिवशी करायचं नाही, हा माझा नियम. तेलाचं बोट एकदा कापडाला लागलं की त्या डागाभोवती धूळ बसत राहते. आज सगळा दिवस फराळाचा. चकल्या, कडबोळी, शंकरपाळी. अनारशांचं पीठ चार दिवस मुरतंय, ते उद्या.

करंज्यांना मी कातण लावत नाही, हातानं मुरड घालते. अंगठ्यानं चिमटायचं, दुमडायचं, पुन्हा चिमटायचं. गोधडीला गोट लावताना कापड असंच दुमडून आत घेते. हाताला दोन्हीतला फरक कळत नसावा. सूनबाईनं फोनवर व्हिडिओ काढायला लावला, तिला तिकडे बंगळूरला करून बघायच्यात. तीनदा हळू करून दाखवलं. चौथ्यांदा तिची मुरड जमली तेव्हा आम्ही दोघी फोनच्या दोन टोकांना ओरडलो.

संध्याकाळी दक्षिणेकडे वात करून यमाला दिवा लावला. तिन्हीसांजेला मी सुई हातात धरत नाही. लहानपणापासूनचा दंडक आहे आणि मी तो आनंदानं पाळते, कारण दिवसातला तेवढाच वेळ हात रिकामे असतात. त्या वेळी सुया मोजते. सातच्या सात गादीत टोचल्या की दिवस संपला. एक जरी कमी असेल तर जेवायला बसत नाही. गोधडीत राहिलेली सुई म्हणजे कुणाच्या तरी लेकराच्या पाठीत जायची.

नरक चतुर्दशी

तीन गल्ल्यांपलीकडे कुणीतरी चार वाजताच पहिला फटाका लावला. उटणं, तेल, कढत पाणी, अंगणात पायाखाली कारीट. सात वाजता फराळ झाला आणि बाकीचा दिवस मोकळा. पोरांनी अंगणात पांडवगड केलाय, त्यावर अळीव पेरलेत. तो राखायला मला बसवलं, म्हणून दुरुस्तीची वाकळ उन्हात घेऊन बसले.

धोम बाजूच्या एका गावातले आजोबा ही दसऱ्याआधी देऊन गेले. घटस्थापनेपूर्वी घरातली सगळी अंथरुणं-पांघरुणं धुतात, तेव्हा धुताना फाटली. पूर्वी घाटावर वाकळा धुवायला आळीतल्या सगळ्या बायका एकदम जायच्या. ओली वाकळ एकटीला पेलत नाही, पिळायला दोन टोकांना दोघी लागतात. आजोबांच्या घरी आता पिळणाऱ्या दोघी नाहीत. त्यांनी ती तशीच ओढून दोरीवर टाकली आणि मधून उसवली.

वरचं अंग विरलंय, ते काढून नवं घालावं म्हणून टाके उसवले. खाली थर नव्हते, दुसरी वाकळ होती. पुरती, गोटासकट. जुनी वाकळ झिजली की टाकून देत नाहीत, तिलाच पोटात घेऊन वर नवं अंग चढवतात, हे मला माहीत होतं. म्हणून तिचाही कोपरा थोडा उसवला. आत तिसरी. मी हातातलं काम ठेवलं आणि नुसती बघत बसले.

वरच्या वाकळेचे टाके लांब, घाईचे. शेतावरून येऊन रात्री कंदिलात घातलेले असावेत. मधलीचे टाके बारीक, एकसारखे, ज्वारीच्या दाण्याएवढे. कोपऱ्यांत खणाचे त्रिकोण, काळपट जांभळे, गुळेदगुडच्या खणासारखी वीण. तिला हौस होती. अगदी आतली मांजरपाटाची. तिच्यात फेट्याचा एक लांब पट्टा, रंग गेलेला, आणि एका जागी फक्त टाक्यांनी काढलेलं तुळशीवृंदावन. कापडाच्या रंगाचाच दोरा, म्हणून हात फिरवल्याशिवाय ते दिसत नव्हतं. तीन बायका. बहुतेक सासू, सून आणि तिची सून. एकीनं दुसरीचं काम उसवलं नाही, झाकून घेतलं.

मी काहीच काढलं नाही. विरलेलं वरचं अंग तसंच ठेवलं आणि त्यावर ते हिरवं लुगडं घातलं. पुढच्या मोठ्या गोधडीसाठी राखलेलं होतं, पण ते इथलंच होतं. आजोबांनी नुसती दुरुस्ती सांगितलीय, तेवढेच पैसे घेईन.

लक्ष्मीपूजन

केरसुणीला हळदकुंकू वाहिलं. शेजारी शिलाई मशीन ठेवायचा मुलाचा आग्रह होता. पण खंडेनवमीला झालंय तिचं पूजन. आज सुयांची गादी ठेवली.

पाडवा

ऑर्डरी गेल्या. दुपटी नेणाऱ्या बाई आठवा महिना लागलेल्या लेकीला घेऊन आल्या होत्या. लेकीनं दुपटं गालाला लावलं आणि डोळे मिटले. आमच्या कामात पैसे हातात पडण्याआधी असं काहीतरी मिळतं. एका गिऱ्हाईकानं पाचशे रुपये कमी दिले. मशीनची रजई एवढ्यात येते, म्हणाले. येते, खरं आहे. मी वाद घातला नाही. पण पुढच्या वेळी त्यांचं काम घेणार नाही, हेही वहीत लिहिलं.

आजोबा दुपारी आले. मी कोपरा उलटा करून त्यांना आतलं तुळशीवृंदावन हातानं चाचपायला लावलं. तो कोपरा शिवायचा मुद्दाम ठेवला होता. ते बराच वेळ बोट फिरवत राहिले. मग म्हणाले, "ही आमची आज्जी." आणखी काही बोलले नाहीत. कोपरा त्यांच्यासमोर शिवून दिला.

भाऊबीज

दादा दरवर्षी सकाळी येतो. यंदा कराडहून निघायलाच उशीर झाला. सातारा स्टँडवर ही गर्दी, सुट्टीचे लोक महाबळेश्वर-पाचगणीला चाललेले, एसटीत पाय ठेवायला जागा नाही. पोचेपर्यंत रात्रीचे नऊ. ओवाळलं, जेवलो, गप्पा मारता मारता साडेअकरा झाले. परत जाणं शक्यच नव्हतं.

अंथरूण घालायला गेले आणि लक्षात आलं, घरात जास्तीची गोधडी नाही. मुलाकडे दोन गेल्या, बहिणीकडे एक, एक आजारी शेजारणीला दिली ती तिच्याकडेच राहिली. दादा म्हणाला, चादर चालेल. पण अंगणातून वारा आत येत होता, आणि तो सत्तरीचा आहे.

ट्रंकेवरची माझी वाकळ काढली. प्रत्येक ऑर्डरीतून उरलेली एकेक पट्टी त्यात गेलीय, अगदी पहिल्या दुपट्याची पिवळी पट्टीसुद्धा. मध्ये पोट उघडं, तिथे थर नुसते कच्च्या टाक्यांवर. सुया मोजल्या. सात. तरी सगळीभर हात फिरवून पाहिला, मग त्याच्यावर घातली. पाच मिनिटांत घोरायला लागला.

शुद्ध तृतीया

सकाळी उठून बघते तर दादा ओसरीवर उन्हात, वाकळ मांडीवर घेऊन. "हे मधलं का ठेवलंयस?" मी म्हटलं, वेळच झाला नाही. त्यानं काही न बोलता सुयांची गादी मागितली.

लहानपणी आमच्या आजीला दिसेनासं झालं तेव्हा सुया दादाच ओवायचा. मला तो हात लावू देत नसे, दोऱ्याचं टोक दातात धरून ओलं करून पिळायचा. आजही तसंच केलं. त्याचा हात थरथरतो, पण डोळे मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर माझ्यापेक्षा चांगले झालेत. पहिली सुई त्यानं माझ्या हातात दिली, मी शिवायला बसले. समोरच्या टोकाला तो कापड ताणून धरून बसला. मध्यावर पोचले तेव्हा कालच्या औक्षणाच्या ताटात उरलेल्या अक्षता आणून चार दाणे आत सरकवले. कुंकवाचा थोडा डाग लागला. लागू दे.

साडेदहाला गाठ मारली. त्याला अकराची एसटी होती. फराळाचा डबा, बंगळूरच्या नातवाचा फोटो, सगळं पिशवीत भरलं. तो गेल्यावर सुया मोजायला गादी उचलली. सातही सुया ओवलेल्या होत्या. प्रत्येकीचा दोरा हातभर, टोकाला गाठ मारलेली.

दुपारी नवं दुपटं सुरू केलं. दोन वापरल्यात, पाच शिल्लक आहेत.