उशीर कुणाला माफ?

१८ नोव्हेंबर २०२५, मंगळवार. आमच्या वकिलांच्या ग्रुपवर त्या दिवशी दुसरा विषयच नव्हता. 'वनशक्ती' या पर्यावरण संस्थेच्या खटल्यातला निकाल फिरला होता. काम आधी सुरू करायचं आणि पर्यावरण मंजुरी मागाहून पदरात पाडून घ्यायची, ही वाट सुप्रीम कोर्टानं १६ मे रोजी बंद केली होती. तेव्हा न्या. अभय ओक आणि न्या. उज्जल भुयान यांचं खंडपीठ होतं. आता सरन्यायाधीश गवई आणि न्या. विनोद चंद्रन यांनी तो निकाल मागे घेतला, न्या. भुयान यांनी ठाम विरोधी मत दिलं. बहुमताच्या कारणांपैकी एक असं, की मे महिन्याचा निकाल कायम ठेवला तर जवळजवळ २० हजार कोटींचे सरकारी प्रकल्प पाडावे लागतील.

निकालाची प्रत उघडते न उघडते तोच रायगडातल्या एका खाडीकाठच्या गावातली माणसं पुण्याच्या ऑफिसात येऊन बसली. साड्यांच्या दुकानाच्या पिशवीत कागद होते. खाडीच्या तोंडाशी जेट्टी वाढवायला एका कंपनीला मंजुरी मिळालेली, आणि यांना पर्यावरणाचे खटले चालवणाऱ्या हरित न्यायाधिकरणात अपील करायचं होतं.

"घाई नाही मॅडम," त्यांच्यातले वयस्क काका म्हणाले. "माहितीच्या अधिकारात कागद हातात आला तोच मुळी ऑक्टोबरात."

हे वाक्य ऐकलं की माझ्या पोटात गोळा येतो. हरित न्यायाधिकरण कायद्याच्या कलम १६ प्रमाणे अपिलाला तीस दिवस. सबळ कारण असेल तर आणखी साठ. त्यापुढे एक दिवसही वाढवून द्यायचा अधिकार न्यायाधिकरणाला नाही. आणि हे दिवस मोजायचे कुठून? मंजुरी कळवायची जबाबदारी मंत्रालयावर, कंपनीवर, ग्रामपंचायतीवर, अशी अनेकांवर असते. त्यातल्या कुणीही सर्वांत आधी कळवलं, की घड्याळ सुरू. भावनगर जिल्ह्यातल्या तल्ली गावच्या ग्रामपंचायतीचं चुनखडीच्या खाणीविरुद्धचं अपील याच मुद्द्यावर गेलं. त्यांनीही माहितीच्या अधिकारातली तारीख धरली होती, सुप्रीम कोर्टानं वर्तमानपत्रातल्या जाहिरातीची धरली. निकाल २१ ऑगस्ट २०२५ चा.

म्हणजे आधी जाहिरात शोधायची. मंजुरीच्या अटींमध्येच असतं, की सात दिवसांत दोन स्थानिक वर्तमानपत्रांत जाहिरात द्यावी, त्यातलं एक तिथल्या भाषेतलं. माझी ज्युनिअर ई-पेपर चाळत बसली. मी आवक रजिस्टरची झेरॉक्स पाहिली. ग्रामपंचायतीत मंजुरीची प्रत ८ सप्टेंबरला आलेली, शिक्का स्पष्ट, पुढे शेऱ्याचा रकाना कोरा. बोर्डावर लावली होती का, विचारलं. काकांनी नकारार्थी मान हलवली. बोर्डावर तेव्हा घरपट्टीची यादी होती.

जाहिरात सापडली दुपारी. २२ ऑगस्ट. एक टेंडर आणि 'मूळ दस्तऐवज गहाळ झाले आहेत' अशी एक जाहीर नोटीस, यांच्या मधोमध, आगपेटीएवढी. गणपती २७ तारखेला होते. त्या आठवड्यात कोकणात पेपरचं ते पान कुणी वाचलं असेल, तर त्याला माझा दंडवत. मी बोटांवर मोजलं, मग कॅलेंडरवर मोजलं. नव्वदावा दिवस २० नोव्हेंबर. परवा.

मग सगळीच पळापळ. वकालतनामा, प्रतिज्ञापत्र, नोटरी, आणि अपिलाइतकाच जीव ओतून लिहायचा विलंबमाफीचा अर्ज. रजिस्टरची झेरॉक्स त्याचाच आधार.

त्यांच्यातला एक तरुण मोबाइल पुढे करून म्हणाला, "मॅडम, त्या हेगच्या कोर्टाचा निकाल आपल्याला लागतो का?" पोरानं वाचलं होतं. वानुआतू या प्रशांत महासागरातल्या छोट्या बेटराष्ट्रानं पुढाकार घेऊन आणलेल्या प्रश्नावर आंतरराष्ट्रीय न्यायालयानं २३ जुलैला सल्लावजा मत दिलं, की हवामान जपणं ही राष्ट्रांची कायदेशीर जबाबदारी आहे. मी म्हटलं, घालू की. माळढोकच्या खटल्यात २०२४ साली सुप्रीम कोर्टानं हवामान बदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त असण्याचा हक्क कलम १४ आणि २१ मधून काढलाय, तोही घालू. पण आपला खरा मुद्दा काकांचा. जनसुनावणीत ते बोलले होते, की उधाणाचं पाणी हल्ली ओट्याला लागतं, पूर्वी लागत नसे. इतिवृत्तात ते वाक्य आहे. कंपनीच्या अहवालात समुद्राची पातळी वाढण्याचा हिशेब कुठेच नाही.

रात्री मसुदा करताना वनशक्तीचा निकाल पुन्हा डोक्यात आला. मुदतीचा कायदा मला मान्य आहे. प्रकल्पावर कायम टांगती तलवार नको, हेही पटतं. पण मंजुरीशिवाय काम उरकणाऱ्याला मागाहून मंजुरी मिळण्याची वाट उघडी आणि गणपतीत पेपर न वाचलेल्याला एक्याण्णवावा दिवस बंद, हे एकाच दिवशी समोर आलं की चीड येतेच. भुयानसाहेबांचं विरोधी मत मी त्या रात्री दोनदा वाचलं.

१९ तारखेला संध्याकाळी हजार रुपये शुल्क भरून अपील ऑनलाइन दाखल झालं. रजिस्ट्रीनं नेहमीप्रमाणे त्रुटी काढल्या, पानांचे क्रमांक वगैरे. नोटीस निघाली. कंपनीच्या उत्तरात उधाणाच्या पाण्याबद्दल एक ओळ नाही. पहिलीच हरकत आहे ती मुदतीची.