चाळीस रेकॉर्ड, दहा किलो: खोक्यांच्या मागे एक फेरी

कव्हरसकट एका एलपीचं (लाँग प्ले, म्हणजे ग्रामोफोनच्या मोठ्या तबकडीचं) वजन पाव किलोच्या आसपास भरतं. चाळीस एलपी म्हणजे दहा किलो, आणि दहा किलो खांद्याला लावून स्टेशनचे जिने चढता येतात. त्याच्या पुढे खांदा कुरकुरायला लागतो. म्हणून जुन्या रेकॉर्ड शोधायला निघताना मी आधी आकडा ठरवतो आणि मग तिकीट काढतो. आकडा न ठरवता निघालेला माणूस दुपारपर्यंत शंभर तबकड्या बाजूला काढतो, संध्याकाळी त्या उचलता येत नाहीत, आणि घरी पोचल्यावर पुढचे सहा महिने त्यांच्याकडे बघावंसं वाटत नाही. या छंदाला ओहोटी लागते ती बहुतेक वेळा अशीच.

पिशवीत सामान थोडं. एक छोटा टॉर्च, धूळ झाडायचा कार्बन फायबरचा ब्रश, हात पुसायला ओला रुमाल, पॉलिथिनची दहा-बारा कोरी आतली पाकिटं आणि नालीदार पुठ्ठ्याचे 33 बाय 33 सेंमीचे चार तुकडे. फोनमध्ये घरातल्या रेकॉर्डची यादी. ही यादी नसेल तर तीच तबकडी दुसऱ्यांदा घरी येते. कव्हर ओळखीचं वाटतं म्हणून हात तिकडे जातो, आणि ओळखीचं का वाटतंय हे घरी गेल्यावर कळतं.

जुन्या रेकॉर्ड विकतात त्या ठिकाणी पोचल्यावर डोळ्यांच्या उंचीवर नीट लावून ठेवलेले खोके सोडून द्यावेत. ते सगळ्यांनी चाळलेले असतात. टेबलाखालचे, भिंतीशी टेकवलेले, वर भलत्याच वस्तूंचा ढीग असलेले खोके आधी. चाळायचीही एक रीत आहे. कव्हरच्या वरच्या कडेला बोटं लावून एकेक आपल्याकडे कलवायचं, कोपरा धरून उपसायचं नाही. खोका गच्च भरलेला असेल तर आधी पाच-सात रेकॉर्ड बाहेर काढून जागा करायची, नाहीतर ओढाताणीत कव्हरची शिवण उसवते. अर्ध्या तासात बोटं काळी होतात. त्या बोटांनी तबकडीवरच्या खाचांना, म्हणजे आवाज कोरलेल्या रेघांना, हात लावू नये, म्हणून तो ओला रुमाल.

हे खोके भरले कसे, हे माहीत असलं की चाळण्यात वेगळी गंमत येते. कोलंबियानं 1948 साली न्यूयॉर्कमध्ये मिनिटाला 33⅓ फेऱ्यांची एलपी आणली, पुढच्याच वर्षी आरसीए व्हिक्टरनं 45 ची छोटी तबकडी काढली, आणि 78 ची लाखेची तबकडी हळूहळू माळ्यावर गेली. 1982 मध्ये सीडी आली. अमेरिकेत 1988 साली सीडीचा खप एलपीच्या पुढे गेला आणि घराघरांतून एलपी खोक्यांत भरल्या गेल्या. आज आपण उकरतो ते त्या ओहोटीत उघडं पडलेलं. भरती परत आली ती 2008 नंतर. त्या वर्षी रेकॉर्ड स्टोअर डे, म्हणजे रेकॉर्डच्या दुकानांचा वार्षिक दिवस, सुरू झाला. टेक्निक्सनं 1972 चं आपलं एसएल-1200 टर्नटेबल 2010 मध्ये बंद केलं होतं, ते 2016 मध्ये पुन्हा बाजारात आलं. मागणी इतकी वाढली की फेब्रुवारी 2020 मध्ये कॅलिफोर्नियातल्या बॅनिंगचा अपोलो मास्टर्सचा कारखाना जळाला तेव्हा जगभरच्या रेकॉर्डवाल्यांचे धाबे दणाणले. कारण मूळ खाच ज्या लॅकरच्या चकतीवर कोरतात ती बनवणारा मोठा कारखाना त्यानंतर एकच उरला, तो जपानमध्ये.

आता तबकडी हातात घेऊ. कव्हर किंचित कलतं करून आतलं पाकीट सरकवायचं, तबकडीची कड अंगठ्याच्या मुळाशी आणि बोटांची टोकं मधल्या लेबलवर. पहिलं काम, लेबल वाचणं. कव्हर एकाचं आणि आत तबकडी दुसऱ्याचीच, हे नेहमीचं आहे. मग ती डोळ्यांच्या पातळीला आडवी धरून कड बघायची. बशीसारखी एकसारखी खोलगट असेल तर बहुधा वाजते. पण कडेला एकाच जागी आखूड, तीव्र लाट असेल तर सुई तिथे उडी मारणार. प्लास्टिक न फोडलेली कोरी रेकॉर्ड सरळच असेल असंही धरून चालू नये. ते प्लास्टिक वर्षानुवर्षं आक्रसत जातं आणि कडा ओढून तबकडी वाकवतं.

टॉर्च तिरपा धरा. समोरून उजेड टाकला तर सगळं चकाचक दिसतं, विकणाऱ्याच्या डोक्यावरचा दिवा म्हणूनच बिनकामाचा. तिरप्या उजेडात केसासारख्या बारीक रेघा दिसतील. त्या पाकिटाच्या कागदाच्या असतात आणि फारशा ऐकू येत नाहीत. नखाला हलकेच जाणवणारा ओरखडा मात्र ऐकू येणारच. तो खाचांना आडवा गेला असेल तर दर फेरीला एक टक् वाजेल, 33⅓ वर बरोबर 1.8 सेकंदांनी. हा टक् चार फेऱ्यांत संपतो की पन्नास, हे ओरखड्याच्या लांबीवरून तिथेच मोजता येतं. खाचांच्या दिशेनं, लांबट तिरपा गेलेला ओरखडा दिसायला क्षुल्लक, पण तोच घातक. सुईला तो शेजारच्या खाचेत नेऊन टाकतो आणि तीच ओळ परत परत वाजत राहते. असली तबकडी कितीही दुर्मीळ असो, मी ठेवून देतो.

मधल्या भोकाभोवती लेबलवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेषा दिसतात का बघा. त्या स्पिंडल (प्लेअरच्या मधली खुंटी) चाचपडत तबकडी बसवल्याच्या खुणा; जितक्या जास्त तितकी ती जास्त वाजलेली. खाचांचा काळा रंग करडा पडला असेल तर जड हाताच्या जुन्या प्लेअरनं भिंती घासून नेल्यात. ही झीज कुठल्याही धुण्यानं जात नाही. पांढरे ठिपके बुरशीचे असतील तर धुतल्यावर बहुतेक निघतात. पण पीव्हीसीच्या पाकिटात वर्षानुवर्षं राहून तबकडीवर जो दुधी धूसरपणा चढतो तो निघत नाही. कव्हर नाकाशी न्यायला लाजू नका. ओलीचा वास घरी आणला की शेजारच्या दहा कव्हरांना लागतो.

लेबल आणि शेवटच्या खाचेच्या मधल्या गुळगुळीत पट्ट्यात बारीक अक्षरं-आकडे कोरलेले असतात. तबकडी कुठे दाबून काढली आणि कितव्या खेपेला, हे ओळखायला त्यांचा उपयोग होतो. कव्हर बदललेलं असू शकतं, हे आकडे बदलत नाहीत. टॉर्च तिरपा ठेवून फोटो काढायचा आणि रात्री मुक्कामावर निवांत पडताळायचा.

78 च्या लाखेच्या तबकड्या भेटल्या तर वेगळे नियम. त्या वाकत नाहीत, फुटतात. एका हातानं कड धरून उचलली तर स्वतःच्याच वजनानं तडकू शकते, म्हणून दोन्ही हात. तडा डोळ्यांना दिसला नाही तरी लेबलच्या भोकात बोट घालून टिचकी मारल्यावर खणखणीत वाजायच्या ऐवजी बद्द आवाज येतो. एलपीची सुई तिला चालत नाही: 78 ची खाच रुंद, सुईचं टोक साधारण 75 मायक्रॉन लागतं, एलपीचं 18 च्या आसपास. आणि स्पिरिटचा थेंबही नको, लाख त्यात विरघळते.

ठिकाणावरच एखादा सुटकेससारखा प्लेअर असेल तर वाजवून बघायचा मोह होतो. त्या प्लेअरची सुई जड असते, एकदा वाजवल्यानं रेकॉर्ड खराब होत नाही, पण आवाजाचा निकालही तिच्यावरून लावू नये. लावायचीच तर बाजूचं शेवटचं गाणं लावा. सुईचाही हा प्रवासच असतो: 22 मिनिटांच्या एका बाजूला ती सातशेहून जास्त फेऱ्या मारत पावणेपाचशे मीटर चालते. बाहेरच्या कडेला तिच्याखालून सेकंदाला सुमारे 51 सेंमी खाच सरकते, लेबलजवळ जेमतेम 21 सेंमी. तेवढ्याच आवाजाला तिथे निम्म्याहून कमी जागा मिळते, म्हणून ‘स’ आणि ‘श’ फाटतात. झीज आधी दिसते ती तिथेच.

परतीचा प्रवास. तबकड्या उभ्या ठेवायच्या. आडव्या थप्पीत खालच्या कव्हरवर गोल वळ उठतो. पुठ्ठ्याचे दोन तुकडे पुढे, दोन मागे. प्रत्येक जोडीत एकाची नाली उभी, दुसऱ्याची आडवी, म्हणजे गठ्ठा कुठल्याच बाजूला मुडपत नाही. रबरबँड लावला तर कडा कापतो, रुंद पट्टा बरा. कुरियरनं पाठवायची वेळ आली तर तबकडी पाकिटासकट कव्हरच्या बाहेर काढून मागे ठेवावी, नाहीतर आदळआपटीत तीच आतून कव्हरची वरची शिवण फाडते. विमानतळावरच्या एक्स-रेनं रेकॉर्डला काही होत नाही. ती फिल्मही नाही आणि चुंबकीय टेपही नाही. खरी भीती उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीची. डॅशबोर्ड सहज 60 अंशांच्या पुढे जातो आणि व्हिनाइल (एलपीचं प्लास्टिक) तिथेच मऊ पडायला लागतं. चहा प्यायला उतरलात तरी पिशवी बरोबर न्या.

आणि घर. इथेच सगळा उत्साह गळतो, कारण आणलेला गठ्ठा ‘उद्या धुऊ’ म्हणून भिंतीशी उभा राहतो. न धुतलेली रेकॉर्ड वाजवली की खरखर, खरखर ऐकली की पुढची लावावीशी वाटत नाही, आणि वर घाण सुईला चिकटून चांगल्या रेकॉर्डपर्यंत पोचते ती वेगळीच. एका बैठकीत आठ ते दहाच धुवायच्या. 800 मिली डिस्टिल्ड पाणी, 200 मिली आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि फोटोच्या लॅबमध्ये वापरतात त्या वेटिंग एजंटचे (पाणी सगळीकडे सारखं पसरवणाऱ्या द्रवाचे) चार-पाच थेंब. लेबल झाकून, मऊ ब्रश खाचांच्या दिशेनं गोल फिरवायचा, दर बाजूला आठ-दहा वेळा. मग नुसत्या डिस्टिल्ड पाण्यानं दोनदा खळबळून मायक्रोफायबरनं टिपायचं आणि उभी करून वाळवायची. नळाचं पाणी वापरलं तर क्षार खाचेत बसतात. वेटिंग एजंट जास्त झाला किंवा नीट खळबळलं नाही तर पातळ थर राहतो, आणि एक बाजू संपताना सुईच्या टोकावर राखाडी गोळा जमतो. तो दिसला की परत खळबळा, सुईला दोष देऊ नका. वाळलेली रेकॉर्ड जुन्या कागदी पाकिटात परत घालणं म्हणजे आंघोळ करून मळके कपडे चढवणं. पॉलिथिनचं नवं पाकीट. (लाकूडकामाचा पांढरा गोंद ओतून वाळल्यावर सोलायची युक्ती आहे आणि ती चालते. पण थर पातळ पडला तर तो तुकड्यातुकड्यांनी निघतो, आणि खाचेत अडकलेला गोंद काढायला सगळी दुपार जाते. टाकाऊ रेकॉर्डवर हात बसल्याशिवाय करू नका.)

धुऊनही शेवटच्या गाण्याला आवाज फाटतो तेव्हा कार्ट्रिज, म्हणजे सुई धरणारा भाग, तपासा. प्रोट्रॅक्टरवर (कार्ट्रिजचा कोन तपासायच्या छापील पट्टीवर) मध्यापासून 66 आणि 120.9 मिमीच्या खुणांवर कार्ट्रिज रेघेला समांतर बसायला हवं. सुईचा दाब बनवणाऱ्यानं सांगितलेल्या मर्यादेच्या वरच्या बाजूला ठेवा, मर्यादा 1.5 ते 2 ग्रॅम असेल तर 1.8-1.9. रेकॉर्ड जपायची म्हणून दाब कमी करणारे बरेच भेटतात. हलकी सुई मोठ्या आवाजाला खाच सोडून आपटते, आणि त्या आपटण्यानं भिंत जास्त खराब होते.

फळीवर मीटरभर लांबीत सुमारे 300 एलपी मावतात, म्हणजे 70-75 किलो. पुस्तकांची साधी फळी मध्ये खचते, आणि खचली की सगळ्या रेकॉर्ड कलतात, कलल्या की वाकतात. दर 30-35 सेंमीला उभी फळी द्यावी. फळी भरली की नवं आणणं थांबवायचं आणि दोन वर्षांत ज्यांना हात लागला नाही त्या काढायच्या. देताना अवस्था आहे तशी सांगायची, दोन्ही बाजू वेगवेगळ्या, आणि टक् कुठल्या गाण्यात आहे तेही. चाळीस-चाळीसचे खोके करावेत, तेवढंच एका माणसाला उचलतं.

काढायच्या गठ्ठ्यात काही लेबलांवर आधीच्या कुणाचं तरी नाव बॉलपेननं लिहिलेलं सापडेल. ते खोडायला जाऊ नका. लेबलचा कागद शाईसकट निघून येतो आणि खालचा पांढरा पट्टा त्या नावापेक्षा वाईट दिसतो.