मला कुणी सांगितले नाही

देवळातल्या सॅक्रिस्टीच्या, म्हणजे पूजासाहित्याच्या खोलीच्या, दारावर नव्या सेवांची यादी लागली आहे आणि वेदीवस्त्रे धुण्याच्या ओळीत माझ्याऐवजी आमच्या महिला मंडळातल्या दुसऱ्या बहिणीचे नाव आहे. एवढीच गोष्ट आहे. मिस्साची उपासना संपल्यावर सगळ्या जणी यादीपुढे उभ्या राहून आपापली नावे शोधत होत्या. कुणाकडे वाचन आले होते, कुणाकडे फुलांची सजावट, कुणाकडे आजाऱ्यांच्या भेटी. माझ्या मागून कुणीतरी म्हणाले, "बरे झाले, आता तुम्हाला आराम." मी हसून मान हलवली. घरी आल्यापासून मात्र मन थाऱ्यावर नाही आणि नेमके काय दुखले आहे ते लिहिल्याशिवाय कळणार नाही, म्हणून लिहायला बसले आहे.

धाकटीला फोनवर सांगितले, तर ती म्हणाली, आई, तुझ्या गुडघ्यांना बरेच आहे की. गुडघ्यांचे तिचे म्हणणे खरे आहे. पण दुखते आहे ते गुडघ्यांत नाही.

या कामाकडे धर्मग्रामात, म्हणजे आमच्या देवळाच्या समाजात, कुणाचे फारसे लक्ष जात नाही. चषक पुसायचे प्युरिफिकेटर, ज्यावर थाळी आणि चषक ठेवतात ते कॉर्पोरल, आणि धर्मगुरूंचे हात पुसायचे छोटे रुमाल, एवढेच त्या पिशवीत असते. प्युरिफिकेटरला खळ लावायची नाही, कारण त्याने ओल टिपली पाहिजे. कॉर्पोरलच्या घड्या आतल्या बाजूला वळवत नऊ चौकोन होतील अशा घालायच्या, म्हणजे ख्रिस्तशरीराचा, मिस्सातल्या पवित्र भाकरीचा, एखादा बारीक कण त्यावर राहिला असेल, तर तो आतच राहील. पहिले पाणी हाताने काढायचे आणि ते मोरीत सोडायचे नाही. सॅक्रिस्टीत ज्या कुंडाची नळी थेट जमिनीत जाते त्यात ते ओतायचे, किंवा स्वच्छ मातीत. मग नेहमीप्रमाणे धुवायचे. रोमहून 2004 साली निघालेल्या रिडेम्पसिओनिस साक्रामेंतुम या सूचनापत्रात हीच पद्धत प्रशंसनीय म्हणून सांगितलेली आहे. पण मला ती सूचनापत्रातून कळली नाही. माझ्याआधी हे काम करणाऱ्या मावशींनी मला शेजारी उभे करून शिकवले होते. थकत चालल्यावर त्यांनी स्वतःच्या हाताने ती पिशवी माझ्या हातात दिली आणि माझ्या कपाळावर क्रुसाची खूण केली. ही यादी पाहिल्यापासून मला तेच पुन्हा पुन्हा आठवते आहे.

मला ते काम असे मिळाले होते, आणि आता ते एका कागदाने गेले.

विचारले असते तर मी दिले नसते का? दिले असते. कदाचित डोळ्यांत पाणी आले असते, पण दिले असते. तिच्याविषयी माझ्या मनात काही नाही. ती उपवासकाळात मंडळात आली, मन लावून काम करते, तिची रोझरी, मण्यांच्या माळेवरची प्रार्थना, ऐकली की आपणही सावकाश म्हणावी असे वाटते. नेतृत्व बदलावे, तरुण बहिणींकडे कामे जावीत, हे मी स्वतः बैठकीत बोललेले आहे. म्हणजे काम जाण्याला माझी हरकत नाही. ते मला न सांगता गेले, यातून मी बाहेर पडू शकत नाही.

एक मात्र इथे लिहून ठेवते, कारण ते कुणाला सांगितलेले नाही. त्या पहिल्या पाण्यात हात असताना मी प्रार्थना करत असे. त्या रविवारी ज्यांनी ज्यांनी ख्रिस्तशरीर घेतले, त्यांतले जे चेहरे आठवतील त्यांची नावे घेत असे. रांगेत पुढे न येता मागच्या बाकावर बसून राहिलेल्यांचीही. ह्यांच्या आजारपणातल्या त्या शेवटच्या वर्षात मला देवळात बसून प्रार्थना जमतच नव्हती. शब्द म्हटले जात आणि मन दुसरीकडेच असे. त्या काळात माझी खरी प्रार्थना झाली ती त्या पाण्यातच. त्याविषयी इतकेच पुरे. पण मग यादीतून केवळ एक काम गेले असे कसे म्हणू? माझी प्रार्थनेची जागा तिथे होती, आणि ती जागा हलवताना कुणाला ते माहीत असायचे कारण नव्हते. तरीही एकदा विचारले असते, तर मी कदाचित सांगितले असते.

मंडळावर रागवायला गेले तर त्यांचे चांगलेच आठवते, हीही एक अडचण आहे. आमच्यातली एखादी रुग्णालयात गेली, तर संध्याकाळपर्यंत तिच्या घरी कोण जाणार आणि मुलांकडे कोण पाहणार हे ठरलेले असते. एखाद्या घरी मृत्यू झाला, तर बोलावण्याची वाट न पाहता रोझरीला बहिणी जमतात. ह्यांच्या वेळी त्या कशा आल्या, किती दिवस येत राहिल्या, ते मी विसरणार नाही. इतरांचे दुःख इतक्या लवकर ओळखणाऱ्या बायकांना, वर्षानुवर्षे हातात असलेली सेवा सुटणे हेही एक दुःख असू शकते, हे का सुचले नसेल? मला वाटते, सेवा विनावेतन असते म्हणूनच असे होते. नोकरी असती, तर बदलीचे पत्र आले असते. इथे सगळे प्रभूसाठी आहे, मग कुणाला काय कळवायचे, असा विचार होत असावा. मला तो मान्य नाही. जिथे मोबदला नाही, तिथे समोर बसून बोललेला एक शब्द एवढेच काय ते देण्यासारखे असते, आणि तो दिला गेलाच पाहिजे.

दुपारी जुनी टिपणवही काढली. मंडळाच्या अभ्यासवर्गासाठी मी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेवर, जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या सभेवर, टिपण केले होते. परिषद 1962 साली सुरू झाली, आणि स्त्रियांना तिथे श्रोत्या म्हणून बोलावणे आले ते 1964 साली, तिसऱ्या सत्रात. शेवटपर्यंत त्या सगळ्या मिळून 23 झाल्या. मुख्य सभागृहात त्यांना बोलता येत नव्हते, पण समित्यांच्या कामात त्या बसल्या, मसुद्यांवर त्यांनी मते दिली आणि ती ऐकली गेली. मी हे वाचून दाखवले तेव्हा आमच्या बहिणी किती हळहळल्या होत्या! ज्यांच्याविषयी बोलणे चालले आहे त्यांना दोन सत्रे बोलावलेच नाही, असे त्या म्हणत होत्या. एवढ्या मोठ्या परिषदेविषयी जे आम्हाला खटकले, ते आमच्या छोट्या यादीविषयी खटकू नये, हे मला पटत नाही.

त्याच वहीत दुसरी एक नोंद सापडली आणि तिने मला बराच वेळ गप्प केले. 1917 सालच्या कॅनन लॉमध्ये, म्हणजे ख्रिस्तसभेच्या कायद्यात, असा नियम होता की मिस्सात वापरलेली प्युरिफिकेटर आणि कॉर्पोरल वस्त्रे वरच्या पदाच्या दीक्षित सेवकाने आधी एकदा धुतल्याशिवाय प्रापंचिकांच्या हाती धुण्यासाठी द्यायची नाहीत, व्रतस्थ भगिनींच्याही नाहीत. म्हणजे ज्या पहिल्या पाण्याला मी माझे म्हणते आहे, ते त्या काळी कुठल्याच बाईच्या वाट्याला नियमाने येत नव्हते. 1983 च्या संहितेत ती अट राहिली नाही. मावशींच्या तरुणपणी हे पाणी त्यांना मिळाले नसते, पुढे मिळाले, आणि त्यांनी ते मला दिले. ख्रिस्तसभेने हळूहळू मोकळी केलेली वाट आहे ती. या वाटेवर मी काही वर्षे चालले. आता ती दुसरी चालणार आहे. हे वाचल्यावर माझा त्रास गेला असे नाही, पण त्याची धार कमी झाली. माझ्या हातून काही काढून घेतले, असे जे सकाळपासून वाटत होते, ते आता पूर्वीइतके खरे वाटत नाही.

मग बायबलमधल्या प्रेषितांच्या कृत्यांचा नववा अध्याय उघडला, कारण दुर्कसेची गोष्ट वाचल्याशिवाय मला राहवेना. यापो गावातली ही शिष्या मरण पावली तेव्हा विधवा प्रेषित पेत्राभोवती रडत उभ्या राहिल्या आणि तिने त्यांच्यात असताना शिवलेले अंगरखे आणि वस्त्रे त्याला दाखवू लागल्या. तिची शिकवण काय होती, ती प्रार्थना कशी करत असे, हे तिथे काही सांगितलेले नाही. तिची साक्ष म्हणून पुढे आले ते कापड. आणि ते कापड तिच्याजवळ नव्हते, त्या विधवांजवळ होते. मी आजवर ही गोष्ट दुर्कसेच्या बाजूने वाचत आले. आज त्या विधवांच्या बाजूने वाचली. ज्यांना मिळाले, त्यांनी ते सांभाळले आणि कुणी दिले ते नावानिशी सांगितले. मावशींचे नाव माझ्यानंतर कोण सांगेल, हा प्रश्न तिथेच मनात आला.

उत्तर संध्याकाळी फोनवर आले म्हणायला हरकत नाही. नव्या बहिणीचा फोन होता. तिलाही यादीतूनच कळले होते! मला आधी विचारले असेल असे ती धरून चालली होती, आणि मला काहीच माहीत नव्हते हे कळल्यावर बिचारी रडवेली झाली. मग म्हणाली, मी नाव काढायला सांगते. मी नको म्हटले, आणि म्हणताना मला जाणवले की मी मनापासून नको म्हणते आहे. तिने पहिल्या पाण्याविषयी विचारले, मी सांगितले. खळीविषयी सांगितले, घड्यांविषयी सांगितले, आणि मला हे कुणी शिकवले तेही सांगितले. ती मावशींना ओळखत नव्हती. बराच वेळ आम्ही मावशींविषयीच बोलत राहिलो. शनिवारी तिने माझ्याकडे यायचे ठरले आहे. पिशवी मी तिला देईन, जशी मला मिळाली होती तशी. माझ्या प्रार्थनेचे मात्र तिला सांगितले नाही. तिची तिला सापडेल, किंवा सापडणार नाही. ते मी ठरवायचे नाही.

आता उरते ते बैठकीत बोलायचे की नाही. माझ्या जवळच्या दोघी म्हणतात, सोडून द्या, उगाच मन दुखावेल, आणि मार्थेचे उदाहरण मला ऐकवले जाईल, हेही मला माहीत आहे. येशू घरी आला तेव्हा बहीण मरिया त्याचे ऐकत बसली, मार्था पुष्कळ गोष्टींची काळजी करत होती आणि प्रभूने तिला समजावले, हे खरेच आहे. पण लूकच्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायात ती आपले गाऱ्हाणे घेऊन कुणाकडे गेली ते पाहावे. ती शेजारणीकडे कुजबुजली नाही, स्वयंपाकघरात धुसफुसत बसली नाही. येशूच्या समोर जाऊन, माझ्या बहिणीने मला एकटीला कामात टाकले याची आपल्याला पर्वा नाही का, असे सरळ विचारले. त्याने तिला नावाने दोनदा हाक मारली आणि उत्तर दिले. योहानाच्या अकराव्या अध्यायात हीच मार्था, आपण ख्रिस्त, देवाचे पुत्र आहात, अशी कबुली देते, आणि बाराव्यात पुन्हा जेवण वाढताना दिसते. गाऱ्हाणे सांगितल्याने तिची श्रद्धाही कमी झाली नाही आणि सेवाही सुटली नाही. मनात धरून बसली असती, तर मला वाटते दोन्ही आंबली असती.

म्हणून मी बोलणार आहे. अध्यक्षबाईंना आधी एकटीने भेटेन, कारण भर बैठकीत त्यांना प्रथम ऐकावे लागणे बरोबर नाही. त्यांच्या डोक्यावर किती आहे ते मी पाहते. यादी रात्री उशिरा, सगळे आटोपल्यावर त्यांनी एकटीने बसून केली असणार. माझी मागणी एवढीच आहे की सेवा बदलताना जिच्याकडून ती जाते आणि जिच्याकडे ती येते, त्या दोघींना यादी लागण्यापूर्वी एकत्र बसवावे, शिकवायचे ते शिकवू द्यावे आणि सगळ्यांनी मिळून एक रोझरी म्हणावी.

माझ्यापुरते आणखी एक आहे. रविवारच्या मिस्सानंतर घरी पडून असलेल्या आजाऱ्यांकडे ख्रिस्तशरीर नेण्यासाठी सेविका हव्या आहेत, असे फादर मागेच म्हणाले होते. 1973 सालच्या परवानगीपासून प्रापंचिक स्त्रियांनाही हे करता येते आणि त्याचे प्रशिक्षण मी पूर्वी घेतलेले आहे, फक्त वस्त्रांचे काम असल्यामुळे पुढे झाले नव्हते. माझ्या भागातल्या दोन घरांत सध्या दुसरी एक बहीण जाते. तिला घरच्या अडचणींमुळे दर रविवारी जमत नाही, असे कानावर आहे. फादरांना मी कळवले आहे की माझी तयारी आहे, पण आधी मी तिच्या घरी जाऊन तिच्याशी बोलेन, आणि तिने हो म्हटले तरच माझे नाव लिहावे.