टोपीचा अर्ज

आमच्या बँकेच्या दारावर पाटी आहे : 'हेल्मेट, टोपी, गॉगल काढून आत यावे.' 22 वर्षं काउंटरवर बसले, पण ही पाटी कधी मलाच आडवी येईल असं वाटलं नव्हतं.

स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, मग केमो. 21 दिवसांनी एक, असे आठ डोस. पहिले चार त्या लालभडक औषधाचे. दोन-तीन आठवड्यांत केस जातील, असं डॉक्टरांनी सांगितलंच होतं. 17व्या दिवशी उशीवर झुपके. विग आणला, पण एप्रिलात तो घालायचा म्हणजे डोक्यावर गोधडी. शेवटी वहिनीने जुन्या सुती साडीची टोपी शिवली. शिवण मुद्दाम बाहेरून घेतली. तेव्हा डोकं इतकं हळवं झालेलं असतं की आतला दोरासुद्धा टोचतो.

डोस संपले, रजाही संपली. शाखाधिकारी साहेब भले माणूस, पण म्हणाले, "मॅडम, तेवढं लेखी द्या." दीड पानी अर्ज दिला, त्यात निम्मं रडगाणंच. मुख्य कार्यालयातून उलट विचारणा आली : टोपी किती दिवस घालणार? डॉक्टरांचा दाखला? टोपीचा रंग? रंग! 'मोरपिशी' असं लिहून दिलं.

तरी घोडं अडलंच, सुरक्षा अधिकाऱ्यांपाशी. तीन आठवडे वाट बघून सरळ फोन केला.

"साहेब, हा नियम नेमका कशासाठी?"

"कॅमेऱ्यात चेहरा दिसायला हवा, मॅडम."

"माझा सगळा दिसतो. टोपी कपाळाच्या वरच संपते. आणि गांधी टोपीवाल्या आजोबांना आपला वॉचमन कधी अडवतो का?"

ते हसले. हे मी पहिल्याच दिवशी विचारायला हवं होतं. अर्जात दुखणं उगाळत बसले.

चौथ्या दिवशी मंजुरी आली. मुदत सहा महिने, अट एकच : टोपीसकट फोटो काढून नवं ओळखपत्र. फोटोग्राफर म्हणाला, "ताई, भुवया जरा सैल सोडा." भुवया होत्या कुठे! पेन्सिलीने काढल्या होत्या.

तीन महिन्यांत केस आले, जन्मात नव्हते इतके कुरळे. टोपी कपाटात गेली. ओळखपत्रावर मात्र ती अजून आहे. फोटो बदलायचा तर म्हणे नव्याने अर्ज करावा लागेल.